सिनाई पर्वताच्या पायथ्याचा संत कॅथरीन मठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील हा मठ सहाव्या शतकात, म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या आरंभीच्या काळात बांधला गेला आणि आजही तो चालू आहे. त्याच्याविषयी दंतकथा इतक्या आहेत की इतिहास कोठे संपतो आणि आख्यायिका कोठे सुरू होते, हे वाचकाला सहज कळत नाही. पुढील उत्तरांत शक्य तेथे आधी वास्तूचे म्हणणे ऐकले आहे आणि मग ग्रंथांचे, कारण या मठाच्या बाबतीत दगड आणि लाकूड यांची साक्ष लेखकांच्या साक्षीपेक्षा बहुधा अधिक भरवशाची ठरली आहे.

मठ नेमका कोठे आहे आणि तो तेथेच का बांधला गेला?

दक्षिण सिनाईतील डोंगराळ भागात, जेबेल मुसा या 2,285 मीटर उंचीच्या पर्वताच्या पायथ्याशी, एका अरुंद दरीत तो उभा आहे. दरीचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर असल्यामुळे हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडते आणि कधीकधी बर्फही पडते. ख्रिस्ती परंपरेनुसार यहुद्यांचा नेता मोशे याला परमेश्वराकडून दहा आज्ञा याच पर्वतावर मिळाल्या आणि जळत असूनही भस्म न होणारे झुडूप त्याने याच दरीत पाहिले. मठाची जागा ठरली ती या झुडपामुळे. बांधणाऱ्यांना मोकळे मैदान, संरक्षणाला सोयीचे टेकाड किंवा मुबलक पाणी यांपैकी जे हवे ते निवडण्याची मुभा नव्हती; झुडूप जेथे होते तेथेच चर्च उभारायचे होते. ही अट लक्षात ठेवली की या वास्तूतील बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

बायबलमधील सिनाई पर्वत हाच, याचा पुरावा आहे काय?

पुरातत्त्वीय पुरावा नाही. वाळवंटातील भटक्या टोळ्यांच्या मुक्कामाच्या खुणा हजारो वर्षे टिकणे मुळातच अवघड असते. सिनाईतील जेबेल सेरबाल आणि द्वीपकल्पाबाहेरचेही काही पर्वत वेगवेगळ्या अभ्यासकांनी सुचवले आहेत. जेबेल मुसाशी निगडित परंपरा मात्र ख्रिस्ती चौथ्या शतकापासून लेखी स्वरूपात सापडते आणि मठाचा इतिहास समजून घ्यायला तेवढे पुरते, कारण सहाव्या शतकातील सम्राट, गवंडी आणि मठवासी या सर्वांचा त्या परंपरेवर पूर्ण विश्वास होता.

मठ बांधवणाऱ्या बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या आधी तेथे काही होते काय?

होते. इ. स. 380 नंतरच्या काही वर्षांत एगेरिया नावाची एक धर्मनिष्ठ स्त्री पश्चिम युरोपातून तीर्थयात्रेला निघाली आणि सिनाईला पोहोचली. तिने आपल्या भगिनींसाठी लिहिलेल्या वृत्तांतात पर्वतमाथ्यावरचे लहानसे चर्च, दरीतील झुडूप, त्याच्या शेजारचे चर्च, तेथील सुरेख बाग आणि आसपास कोठड्यांत राहणारे साधू यांचे वर्णन आहे. सिनाईच्या त्या काळच्या धार्मिक जीवनाचे इतके जिवंत वर्णन दुसरे नाही. पर्वतावर चढताना सरळ उभा चढ चढावा लागतो, वळणावळणाने जाता येत नाही, ही तिची नोंद तेथे पायी गेलेल्या कोणालाही पटेल.

हे साधू एकत्र मठात राहत नसत. ते गुहांत किंवा दगडी खोपटांत एकेकटे राहत आणि आठवड्यातून एकदा सामुदायिक उपासनेसाठी एकत्र येत. वाळवंटी टोळ्यांच्या हल्ल्यांत त्यांच्यापैकी काही मारले गेल्याच्या कथा जुन्या ख्रिस्ती साहित्यात आहेत. संकटकाळी आश्रय घेण्यासाठी झुडपाजवळ एक बुरूज होता, असे नंतरचा इतिहासकार युटिकियस सांगतो.

आजचा मठ कोणी आणि केव्हा बांधला? हे इतक्या खात्रीने कसे सांगता येते?

सम्राट पहिला जस्टिनियन याने इ. स. 548 ते 565 या दरम्यान तो बांधवला. अनेक ठिकाणी 527 हे वर्ष छापलेले आढळते. परंतु ते जस्टिनियनच्या राज्यारोहणाचे वर्ष आहे, मठाच्या बांधकामाचे नव्हे.

खात्रीचा आधार मिळतो तो चर्चच्या छपरात. तेथे लाकडी कैच्यांच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांच्या, आडव्या तुळयांवर ग्रीक भाषेत तीन लेख कोरलेले आहेत. पहिल्या लेखात सम्राट जस्टिनियनच्या क्षेमकल्याणासाठी प्रार्थना आहे, म्हणजे लेख कोरला तेव्हा तो हयात होता. दुसऱ्यात सम्राज्ञी थिओडोराच्या आत्म्याला शांती लाभावी अशी प्रार्थना आहे, म्हणजे ती तोवर निवर्तली होती. थिओडोराचा मृत्यू 548 मध्ये झाला आणि जस्टिनियनचा 565 मध्ये. तेव्हा छप्पर या सतरा वर्षांच्या अवधीतच चढवले गेले असले पाहिजे.

तिसरा लेख सर्वांत हृद्य आहे. ‘या स्थळी प्रकट झालेल्या प्रभू परमेश्वराला’ उद्देशून केलेल्या त्या विनवणीत आयला येथील बांधकामप्रमुख स्टेफानोस याचे आणि नोन्ना हिचे रक्षण कर, आणि जॉर्जिओस, सर्जिओस व थिओडोरा या त्यांच्या मुलांच्या आत्म्यांना शांती दे, असे मागणे आहे. आयला म्हणजे आजच्या जॉर्डनमधील अकाबा बंदर. ज्याच्या हातून हे काम झाले त्याची मुले तेव्हा हयात नव्हती, आणि सम्राट-सम्राज्ञीच्या नावांच्या जोडीने त्याने आपल्या मृत मुलांची नावे त्याच छपरात कोरवून घेतली. प्राचीन काळातील फार थोड्या वास्तुकारांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरातले दुःख असे वास्तूच्या अंगावरच लिहिलेले सापडणे तर अत्यंत दुर्मीळ आहे.

या तुळया इतक्या शतकांनंतरही शाबूत कशा राहिल्या?

कोरडी हवा, आगीपासून झालेला बचाव आणि मठात कधीही न खंडलेली वस्ती, ही तीन कारणे मुख्य आहेत. छपराची निगा राखणारे कोणी ना कोणी तेथे सतत होते. पुढे अठराव्या शतकात मध्यदालनाला सपाट लाकडी छत बसवले गेले आणि मूळ कैच्या त्याच्या वर झाकल्या गेल्या. खालून पाहणाऱ्याला त्या आज दिसत नाहीत. त्यांच्या अंगावर प्राणी, जलचर आणि नाईल नदीवरची दृश्ये कोरलेली आहेत. सहाव्या शतकातील लाकडी छप्पर मूळ जागी, मूळ भार पेलत टिकून असल्याचे दुसरे असे उदाहरण सापडणे कठीण आहे. गाभाऱ्यातील मोझेकची, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राची, ख्याती मोठी असली, तरी माझ्या मते या मठाचा सर्वांत मोलाचा ऐवज त्याचे छप्पर हाच आहे.

चुकीच्या जागी मठ बांधला म्हणून सम्राटाने बांधकामप्रमुखाचा शिरच्छेद केला, हे खरे काय?

ही कथा दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा धर्मप्रमुख युटिकियस याने अरबी भाषेत लिहिलेल्या इतिहासात आहे. मठ पर्वतमाथ्यावर न बांधता दरीत बांधला, त्यामुळे वरून दगड टाकून शत्रूला आतल्यांना मारता येईल, म्हणून जस्टिनियनने आपल्या अधिकाऱ्याचे मस्तक उडवण्याची आज्ञा दिली, असे तो सांगतो. माथ्यावर पाणी नाही आणि झुडूप दरीत आहे, हे त्या अधिकाऱ्याचे उत्तरही त्याने नोंदवले आहे.

युटिकियस प्रत्यक्ष बांधकामानंतर जवळपास चार शतकांनी लिहीत होता. त्याच्या कथेतील शिक्षेवर विश्वास ठेवण्यास आधार नाही. परंतु कथेने मांडलेली अडचण अगदी खरी आहे. मठाच्या तटापेक्षा उंच असे कडे त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. पाहणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न लोकांनी गोष्टीच्या रूपात जपला.

मग हा मठ होता की किल्ला?

जस्टिनियनच्या दरबारातील इतिहासकार प्रोकोपियस म्हणतो की सम्राटाने देवमातेच्या नावाने चर्च बांधले आणि पर्वताच्या पायथ्याशी भक्कम किल्ला उभारून तेथे मोठी शिबंदी ठेवली, जेणेकरून अरब टोळ्यांना त्या वाटेने पॅलेस्टाइनवर चाल करून जाता येऊ नये. माथ्यावर रात्री मेघगर्जनेसारखे भयंकर आवाज होत असल्यामुळे तेथे कोणी रात्र काढू शकत नसे, असेही तो लिहितो.

वास्तू पाहिली तर प्रोकोपियसचे हे म्हणणे अर्धेच पटते. दरीच्या तळाशी, उंच कड्यांच्या मधोमध कोणी सीमेवरचे ठाणे बसवणार नाही. पॅलेस्टाइनकडे जाणारे मोठे मार्गही येथून जात नाहीत. तट मात्र खरोखरच किल्ल्याचा आहे. तोफा किंवा वेढ्याची यंत्रे जवळ नसलेल्या, झटपट लूट करून निघून जाणाऱ्या टोळ्यांना अडवण्यासाठी तेवढा तट पुरेसा होता. म्हणून याला साधूंच्या आणि यात्रेकरूंच्या रक्षणासाठी तट घातलेला मठ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. प्रोकोपियस सम्राटाच्या बांधकामांची स्तुती करण्यासाठी लिहीत होता आणि साम्राज्याच्या संरक्षणाचा मुद्दा त्या स्तुतीत शोभणारा होता, हेही विसरता येत नाही.

तटबंदीची बांधणी कशी आहे?

आराखडा ओबडधोबड चौकोनी आहे आणि त्याच्या बाजू साधारण 75 ते 90 मीटरच्या आसपास भरतात. जमीन उतरती असल्यामुळे तटाची उंची सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी ती आठ-दहा मीटर आहे, तर उताराच्या बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त. जाडी दोन ते तीन मीटर. आतून-बाहेरून घडीव ग्रॅनाइटचे चिरे आणि मध्ये दगडगोटे व चुना यांचा भराव, अशी ही दुपाखी बांधणी आहे. दगड जवळच्या डोंगरातलाच असल्यामुळे दुरून पाहिल्यास तट आणि कडा यांचा रंग एक होऊन जातो.

जवळून पाहिले की चिऱ्यांवर कोरलेले क्रूस आणि इतर चिन्हे दिसतात. ग्रॅनाइट घडवणे हे फार कष्टाचे काम असते. छिन्नीची धार पुन्हापुन्हा जाते. तरीही मूळ भागातील चिरे इतके नेटके बसवलेले आहेत की नंतरची दुरुस्ती लगेच ओळखू येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुसळधार पावसाने उत्तरेकडील तटाचा भाग कोसळला आणि नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेच्या काळात सेनापती क्लेबेरच्या पुढाकाराने त्याची पुनर्बांधणी झाली. त्या भागातले लहान आकाराचे दगड आणि वेगळी रचना आजही उठून दिसते. दक्षिण बाजूला तटाच्या आतून कमानींवर तोललेल्या खोल्यांची रांग होती; तिचे काही अवशेष शिल्लक आहेत.

मठाला दरवाजाच नव्हता आणि माणसांना दोराने वर ओढून घेत, हे खरे आहे काय?

दरवाजा होता. पश्चिमेच्या तटात मूळचे भव्य प्रवेशद्वार आजही ओळखता येते. त्याच्या माथ्यावर, तटातून पुढे काढलेली दगडी कोठी आहे. दाराशी भिडलेल्या शत्रूवर तेथून दगड किंवा उकळते तेल टाकता येई. पुढच्या काळात असुरक्षितता वाढली तेव्हा हे द्वार चिणून बंद केले गेले. त्यानंतर उत्तरेच्या तटात, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर असलेल्या दिंडीतून, म्हणजे लहान दारातून, रहाटाच्या साहाय्याने माणसे आणि सामान वर ओढून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि ती एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. युरोपीय प्रवाशांनी काढलेल्या त्या काळच्या चित्रांत ही दिंडी आणि तिच्यातून खाली लोंबणारा दोर हमखास दिसतो. आज लोक जुन्या द्वाराशेजारच्या लहान दारातून आत जातात.

मुख्य चर्चची रचना कशी आहे?

ते बॅसिलिका पद्धतीचे आहे: लांबट मध्यदालन, दोन्ही अंगांना एकेक अरुंद दालन आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा. मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा असे एकूण बारा खांब आहेत. प्रत्येक खांब अखंड ग्रॅनाइटचा असून त्यावर आता गिलावा चढलेला आहे. स्तंभशीर्षांची नक्षी एकसारखी नाही. ग्रॅनाइटवर बारीक पानाफुलांचे काम उतरवणे जड जात असल्यामुळे कारागिरांनी आकार ढोबळ आणि ठसठशीत ठेवले आहेत, आणि त्यामुळे राजधानी कॉन्स्टंटिनोपलच्या संगमरवरी कामाच्या मानाने ते वेगळे, काहीसे रांगडे पण जोमदार वाटतात. गाभाऱ्याच्या भिंतींना लावलेले संगमरवराचे तक्ते मात्र दूरवरून आणलेले आहेत. एवढे वजन समुद्रमार्गे आणून मग उंटांच्या पाठीवर डोंगरात चढवणे हे सम्राटाच्या खजिन्याशिवाय शक्य नव्हते.

मध्यदालनाच्या प्रवेशाला सहाव्या शतकातीलच लाकडी दारे आहेत. त्यांच्या फळ्यांवर पशू, पक्षी, फळे आणि वेली कोरलेल्या आहेत, आणि वर ग्रीकमध्ये बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ओळ आहे: हे परमेश्वराचे द्वार, नीतिमान त्यातून आत जातील. त्यांच्या अलीकडे, प्रवेशदालनाची जी बाहेरची दारे आहेत, ती कित्येक शतकांनंतरची, फातिमी या मुस्लिम राजघराण्याच्या काळातली आहेत. चर्चमध्ये शिरताना माणूस काही पावलांच्या अंतरात दोन वेगवेगळ्या काळांच्या दारांतून जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. मठाच्या आवारात शिरल्यावर चर्चकडे जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. पवित्र वास्तू सहसा उंचवट्यावर बांधतात. येथे ती आवारातील सर्वांत सखल भागात आहे. कारण अर्थातच झुडूप तेथे होते.

ते झुडूप आज कोठे आहे?

मूळ जागा चर्चच्या गाभाऱ्यामागे आहे. सहाव्या शतकात तेथे उघडे अंगण असावे आणि झुडूप त्यात वाढत असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे त्या जागेवर जळत्या झुडपाचे प्रार्थनागृह उभे राहिले आणि मुळाच्या जागेवर वेदी आली. सध्या यात्रेकरूंना दाखवले जाणारे हिरवेगार, काटेरी, रासबेरीच्या कुळातले झुडूप त्या प्रार्थनागृहाबाहेर काही अंतरावर लावलेले आहे. प्रार्थनागृहात आजही पादत्राणे काढूनच जावे लागते, कारण बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकात मोशेला याच झुडपातून आज्ञा झाली होती की पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे.

गाभाऱ्यातील मोझेक इतके प्रसिद्ध का आहे?

सहाव्या शतकातील मोझेक कलेच्या सर्वोत्तम अवशेषांपैकी हा एक आहे आणि तो मूळ जागी, जवळजवळ संपूर्ण स्वरूपात टिकला आहे. विषय आहे येशूचे रूपांतर, म्हणजे शिष्यांसमोर त्याचे रूप दिव्य तेजाने उजळल्याचा बायबलमधील प्रसंग. सोनेरी पार्श्वभूमीवर, निळ्या रंगाच्या लंबगोल प्रभावलयात शुभ्र वस्त्रांतील येशू उभा आहे. एका बाजूस संदेष्टा एलीया, दुसऱ्या बाजूस मोशे. पायाशी आडवा पडलेला शिष्य पेत्र आणि दोन्ही कडांना गुडघ्यांवर आलेले योहान व याकोब. ना डोंगर, ना झाड. सगळे काही सोन्याच्या एका अथांग झळाळीत घडते.

थोडे थांबून प्रकाशकिरणांकडे पाहावे. येशूच्या देहातून निघालेले किरण निळ्या वलयातून जाताना त्या निळ्याला अधिक फिकट करतात आणि वलयाबाहेर पडून शिष्यांच्या अंगावर गेले की तेथील वस्त्रांचा रंगही त्या पट्ट्यापुरता बदलतो. म्हणजे कारागिराने किरण वेगळी रेघ म्हणून न काढता, किरण ज्या पृष्ठभागावर पडला त्याच्या तुकड्यांची छटाच बदलली आहे. काचेच्या आणि दगडाच्या इवल्या चौकोनी तुकड्यांतून एवढा सूक्ष्म विचार साधणारा कारागीर आपल्या कलेत पूर्ण मुरलेला होता.

भोवतीच्या किनारीत गोलाकृती चौकटींमध्ये प्रेषित आणि संदेष्टे यांचे चेहरे आहेत. खालच्या ओळीत मधोमध दावीद राजा आहे आणि त्याचा पोशाख बायझंटाइन सम्राटासारखा आहे. दोन कोपऱ्यांत मठाधिपती लाँगिनस आणि योहान नावाचा धर्मसेवक यांच्या प्रतिमा असून त्यांच्या मस्तकांमागे चौकोनी वलये आहेत. तत्कालीन प्रथेनुसार काम झाले तेव्हा हयात असलेल्या व्यक्तींसाठी तसे वलय काढत. गाभाऱ्याच्या वर, जोडखिडकीच्या दोन्ही अंगांना मोशे पुन्हा दोनदा येतो: एकदा झुडपासमोर वहाणेचे बंद सोडताना, एकदा नियमशास्त्र स्वीकारताना.

विषयाची निवड या जागेला किती साजेशी आहे पाहा. मोशे आणि एलीया या दोघांनाही बायबलनुसार याच पर्वतावर परमेश्वराचे दर्शन झाले होते, आणि रूपांतराच्या प्रसंगी हेच दोघे येशूच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. ज्याने हा विषय ठरवला त्याने दरीतले झुडूप, वरचा पर्वत आणि गाभारा एका सूत्रात ओवले.

मोझेकचे तुकडे भिंतीपासून सुटू लागले होते. 1958 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी आणि इजिप्शियन विद्यापीठांच्या संयुक्त मोहिमेने ते साफ करून पक्के केले आणि पुढे एकविसाव्या शतकात इटालियन संवर्धकांनी पुन्हा विस्तृत काम केले, ते 2017 मध्ये पूर्ण झाले.

मठाच्या आवारात मशीद कशी?

चर्चच्या पश्चिमेला, अगदी समोर, फातिमी काळात एका जुन्या इमारतीचे रूपांतर करून मशीद तयार केली गेली. तिच्यातील कोरीव लाकडी मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, 1106 या वर्षाशी जुळणारा हिजरी काळ नोंदलेला आहे. मठाभोवतीच्या मुस्लिम बेदुइनांना (वाळवंटातील अरब टोळ्यांना) आणि मक्केच्या वाटेवरील यात्रेकरूंना तिचा उपयोग होई. मठाकडे प्रेषित महंमदांच्या नावे दिलेल्या अभयपत्राच्या प्रती आहेत. मूळ पत्र 1517 मध्ये उस्मानी सुलतान पहिला सलीम याने इस्तंबूलला नेले, असे परंपरा सांगते. पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु शतकानुशतके मुस्लिम राज्यकर्त्यांनी मठाला संरक्षण आणि सवलती दिल्या, हे मठात जपलेल्या अनेक फर्मानांवरून सिद्ध होते.

नाव संत कॅथरीनचे कसे पडले? गोव्यातील से कॅथेड्रलची कॅथरीन हीच का?

जस्टिनियनच्या काळात चर्च देवमाता मरियेचे होते. अलेक्झांड्रियाची हुतात्मा कॅथरीन हिचे शरीर देवदूतांनी सिनाईतील सर्वोच्च पर्वतावर आणून ठेवले, ही आख्यायिका नंतरची आहे. मध्ययुगात तिचे अवशेष मठात पूजले जाऊ लागले आणि युरोपातून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे तिचेच नाव रूढ झाले. होय, जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल याच कॅथरीनला अर्पण केलेले आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकले तो 25 नोव्हेंबर 1510 हा दिवस तिच्या सणाचा होता.

येथील प्रतिमाचित्रांना एवढे महत्त्व का?

आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात धार्मिक प्रतिमांवर बंदी आली आणि असंख्य चित्रे नष्ट झाली. सिनाई तेव्हा अरब सत्तेखाली होते. सम्राटाचा हुकूम तेथे पोहोचत नव्हता. त्यामुळे सहाव्या-सातव्या शतकांतील जी थोडी चित्रे जगात उरली, त्यांचा मोठा भाग या मठात आहे. एकूण संग्रह सुमारे दोन हजार चित्रांचा आहे.

त्यांतील सर्वांत ख्यातनाम चित्र म्हणजे सहाव्या शतकातील येशूचे, गरम मेणात रंग कालवून लाकडी फळीवर रंगवलेले. त्याच्या चेहऱ्याचे दोन भाग सारखे नाहीत. एका बाजूचा डोळा शांत आणि भुवई सरळ, तर दुसऱ्या बाजूची भुवई चढलेली, गालाखाली गडद सावली. एका भागात करुणा आणि दुसऱ्यात न्यायाधीशाचा कठोरपणा आहे, असा अर्थ अनेक जण लावतात. अर्थ कोणताही घ्यावा. समोर एक जिवंत माणूस पाहत आहे ही जाणीव चुकत नाही.

कोडेक्स सिनाइटिकस मठातून बाहेर कसे गेले?

चौथ्या शतकात चर्मपत्रावर लिहिलेले हे ग्रीक बायबल जगातील सर्वांत जुन्या बायबल-प्रतींपैकी एक आहे. जर्मन विद्वान कॉन्स्टंटिन फॉन टिशेनडॉर्फ याने 1844 मध्ये त्याची 43 पाने लाइपझिगला नेली आणि 1859 मध्ये आणखी 347 पाने सेंट पीटर्सबर्गला नेली. ती परत करण्याची लेखी हमी त्याने दिली होती आणि ते पत्र मठाने जपून ठेवले आहे. पुढे देणगीचा दस्तऐवज झाला, परंतु तो कोणत्या परिस्थितीत झाला यावर वाद आहे. सोव्हिएत सरकारने 1933 मध्ये ही पाने एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. ज्या मठाने पंधरा शतकांच्या आसपासचा हा ठेवा सांभाळला, त्याच्याकडे त्यातले फारच थोडे उरले, हे मला आजही अन्यायाचे वाटते. 1975 मध्ये उत्तरेच्या तटालगत ढिगाऱ्याखाली बुजलेल्या एका खोलीत हजाराहून अधिक हस्तलिखिते व तुकडे सापडले, तेव्हा त्यांत याच ग्रंथाची बारा पाने निघाली.

मठाच्या ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते असून ग्रीकखेरीज अरबी, सिरियाक, जॉर्जियन आणि स्लाव्हिक भाषांतील लेखनही विपुल आहे. इ. स. 570 च्या सुमारास आलेल्या एका इटालियन यात्रेकरूने येथील मठप्रमुखांना लॅटिन, ग्रीक, सिरियाक व इजिप्शियन अशा अनेक भाषा येत असल्याचे नोंदवले होते. ग्रंथालय त्या बहुभाषिक वस्तीचाच परिपाक आहे. चर्मपत्राचा तुटवडा असल्यामुळे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. 1892 मध्ये ॲग्नेस स्मिथ लुईस या विदुषीने अशाच एका ग्रंथात, वरच्या मजकुराखाली दडलेली सिरियाक शुभवर्तमाने ओळखली.

जेबेलिया कोण आहेत?

मठाभोवती राहणारी ही बेदुइन जमात मुस्लिम आहे. जस्टिनियनने मठाच्या सेवेसाठी आणि रक्षणासाठी पाठवलेल्या कुटुंबांचे आपण वंशज आहोत, असे ते सांगतात; युटिकियसच्या इतिहासातही अशा कुटुंबांचा उल्लेख आहे. बाग, दुरुस्ती, वाटाड्याचे काम यांत पिढ्यानपिढ्या त्यांचा सहभाग राहिला आहे. मठाच्या वास्तूविषयीची कोणतीही माहिती त्यांना वगळून पूर्ण होत नाही.

पर्वतमाथ्यावर काय आहे?

मठामागून सुमारे 3,750 दगडी पायऱ्या माथ्याकडे जातात. साधूंनी त्या प्रायश्चित्त म्हणून घडवल्या असे परंपरा मानते. वाटेत एक जुनी कमान लागते, जेथे पूर्वी यात्रेकरू पुढे जाण्याआधी पापांची कबुली देत. माथ्यावर जस्टिनियनच्या काळातही चर्च होते. ते कोसळल्यावर त्याच्याच दगडांतून 1934 मध्ये आजचे लहान प्रार्थनागृह बांधले गेले. त्याच्या भिंतींत जुने कोरीव चिरे ओळखता येतात.

मठाची आजची स्थिती काय आहे आणि तो पाहता येतो काय?

मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेचा आहे. त्याचा प्रमुख आर्चबिशप असून जेरुसलेमच्या धर्मपीठाशी त्याचे जुने नाते आहे. 2002 मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मे 2025 मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने मठाच्या जमिनी सरकारी मालकीच्या असून मठवासीयांना त्यांच्या वापराचा हक्क आहे, असा निर्णय दिला आणि त्यावरून ग्रीस व इजिप्त यांच्यात राजनैतिक पातळीवर बोलणी झाली. परिसरात होत असलेल्या पर्यटनविषयक बांधकामांबद्दलही चिंता व्यक्त होत आहे. या दरीचे मोल तिच्या निर्जनतेत आहे आणि तटाला धक्का न लावताही ते नष्ट होऊ शकते, ही चिंता मला रास्त वाटते.

पाहुण्यांना सर्वसाधारणपणे सकाळचे मोजके तासच आत जाता येते आणि शुक्रवारी, रविवारी व सणांच्या दिवशी मठ बंद असतो. निघण्यापूर्वी त्या दिवसांची खात्री करून घ्यावी. अंग झाकणारे कपडे आवश्यक आहेत आणि चर्चमध्ये छायाचित्रे काढता येत नाहीत. गाभाऱ्यापुढच्या, प्रतिमाचित्रे लावलेल्या सतराव्या शतकातील उंच पडद्यामुळे मोझेकचा खालचा भाग मध्यदालनातून नीट दिसत नाही, त्यामुळे आधी त्याची चांगली छायाचित्रे पाहून गेल्यास समोर काय आहे ते कळते. वेळ कमी असेल तर प्रतिमांच्या दालनात शिरण्याआधी बाहेरून तटाला चालत जावे: पश्चिमेचे चिणलेले द्वार, त्यावरची दगडी कोठी, चिऱ्यांवरचे क्रूस आणि उत्तरेची क्लेबेरच्या काळातली दुरुस्ती, हे सारे तिकिटाशिवाय आणि घाईगर्दीशिवाय पाहता येते.